ब्यूटॅनॉलच्या तक्त्यातले अकरा बिंदू

पोर्ट अ‍ॅडलेड, मिशिगन
९ जानेवारी १९८९

श्री. ऑनी कांगास यांस,

हे पत्र खासगी असले, तरी त्यातले प्रत्येक वाक्य कोणत्याही समितीपुढे वाचून दाखवता यावे अशा रीतीने लिहीत आहे. तथ्ये क्रमाने मांडते.

१. सप्टेंबर १९७८ मध्ये तुम्ही माझ्या प्रयोगशाळेत पीएच.डी.साठी दाखल झालात. विषय मी दिला होता: तापमान बदलले आणि अल्कोहोल घातले, तर साबणाच्या रेणूंचे मिसेल, म्हणजे घोळके, कोणत्या प्रमाणाला बनू लागतात.

२. मार्च १९८३ मध्ये तुम्ही प्रबंधाचा मसुदा दिलात. चौथ्या प्रकरणात ब्यूटॅनॉल घातलेल्या द्रावणांचे अकरा बिंदू होते, वीस अंशांपासून पंचेचाळीस अंशांपर्यंतचे. (मसुद्यात टंकलेखनाच्या एकशेचार चुका होत्या. त्यांचा येथे संबंध नाही. परंतु नोंद असावी.)

३. ते अकराही बिंदू मी स्वतः, माझ्या साठ्याच्या बाटलीतले द्रावण घेऊन, तीन वेळा पडताळले. एकही जुळला नाही. तुमचा प्रत्येक आकडा माझ्या आकड्याच्या वर होता.

४. तुमच्या चौथ्या वहीच्या ज्या छायाप्रती समितीपुढे होत्या, त्यांत प्रत्येक मोजणीसमोर तुमच्या अक्षरात ‘साठा: ट्रेव्हारो’ असे आहे. म्हणजे द्रावण एकच, उपकरण एकच, आणि आकडे दोन.

५. १२ मे १९८३ रोजी समितीने तुम्हाला खुलासा विचारला. तुम्ही म्हणालात, “बाईंच्या बाटलीबद्दल मला काही बोलायचं नाही.” त्यानंतर अर्धा तास तुम्ही टेबलाकडे पाहत बसलात. समितीने हे मौन म्हणजे कबुली असे मानले. असे मानावे हे कोणी सुचवले, याची इतिवृत्तात नोंद नाही.

६. तुमचे नाव पटावरून काढण्यात आले. नोंदवलेले कारण: आकडे रचणे.

७. गेल्या नोव्हेंबरात एका परदेशी प्रयोगशाळेने हीच मोजमापे प्रसिद्ध केली. ती तुमच्या आकड्यांशी जुळतात. माझ्या आकड्यांशी जुळत नाहीत.

यावरून तुम्ही खरे ठरता असे नाही. दोन चुका योगायोगाने जुळू शकतात. माझ्या चाळीस वर्षांच्या कामात असे दोनदा घडले आहे. परंतु मला मूळ वही पाहणे आवश्यक आहे. ती तुम्ही जाताना घेऊन गेलात. ती विद्यापीठाची मालमत्ता आहे. नोंदणीकृत टपालाने पाठवावी.

डॉ. एडिथ ट्रेव्हारो


३० जानेवारी १९८९

श्री. कांगास यांस,

वही आली नाही, उत्तरही नाही. मी थांबले नाही.

प्रथम मी तापमानावर संशय घेतला. १९८३ साली पाण्याच्या टाकीचा तापमापक चुकीचा असता, तर सगळी वक्ररेषाच सरकली असती. समितीवरच्या भूगर्भशास्त्रज्ञाला मी तेव्हा सोप्या शब्दांत समजावले होते: या रेणूला पाण्याची आवड असलेले डोके असते आणि पाणी टाळणारी शेपटी असते, पाण्यात गर्दी एका मर्यादेपलीकडे गेली की ते शेपट्या आत, डोकी बाहेर करून गोळा होतात. ती मर्यादा म्हणजेच आपला आकडा. उष्णतेने ती आधी थोडी उतरते, मग चढते. पंचवीस अंशांच्या आसपास तळ गाठते. ब्यूटॅनॉल त्या घोळक्यांत शिरून त्यांचे जमणे सोपे करते आणि मर्यादा खाली ओढते. गृहस्थ म्हणाले, “म्हणजे पार्टीत दारू आली की लोक लवकर जमतात, तसं.” सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. मीही नाही.

तापमापक मी प्रमाणित करून आणला. तो बरोबर होता. तेव्हाही बरोबर होता.

नंतर मी सीलबंद बाटली मागवली, पदार्थ शुद्ध केला, त्याच दिवशी द्रावण केले आणि त्याच दिवशी वाहकता मोजली. पंचवीस अंशांना, अल्कोहोल न घालता, आठ पूर्णांक दोन मिलिमोल. १९८३ साली माझ्या बाटलीने सात पूर्णांक एक दाखवले होते. ब्यूटॅनॉल घातल्यावर या नव्या द्रावणाने तुमचे आकडे दिले. अकरापैकी अकरा.

वेर्ना माकी अजून आमच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. ती बाजूला काचसामान पुसत होती. कागद पाहून म्हणाली, “मी तेव्हाच म्हटलं होतं, बाई, त्या बाटलीचा वास बदललाय. मेणबत्तीसारखा.”

“तू असे म्हणाल्याचे मला आठवत नाही.”

“तुम्ही म्हणालात, वासाला आकडा नसतो.”

हे वाक्य माझे असू शकते.

खुलासा असा. हा पदार्थ पाण्यात फार काळ राहिला की हळूहळू तुटतो, आणि तुटताना स्वतःच एक अल्कोहोल तयार करतो: डोडेकॅनॉल. उष्णतेत वेगाने. आपली प्रयोगशाळा इमारतीच्या उत्तर बाजूला आहे. हिवाळ्यात खिडकीजवळ बारा-तेरा अंश असते. तेवढ्या थंडीत साठ्याच्या द्रावणात स्फटिक पडतात. ते पडू नयेत म्हणून मी माझी बाटली रेडिएटरच्या वरच्या फळीवर ठेवत असे. ती ऑक्टोबर १९८१ मध्ये भरली होती. दोन हिवाळे ती तिथे होती. म्हणजे मी ब्यूटॅनॉलचा परिणाम मोजत होते अशा द्रावणात, ज्यात अल्कोहोल आधीच होते, आणि ते माझ्याच फळीवर झाले होते.

पृष्ठताण मोजला असता, तर ही अशुद्धी लगेच दिसली असती. १९८३ साली तो मोजलेला नव्हता.

मात्र येथे एक प्रश्न उरतो, आणि तो तुमच्यासाठी आहे. माझ्या बाटलीने तुमचे आकडे येणे शक्य नव्हते. तुमच्या वहीत माझी बाटली आहे. म्हणजे तुम्ही दुसरे द्रावण वापरलेत आणि वहीत खोटे लिहिलेत. आकडे खरे, नोंद खोटी. तुम्ही खोटे लिहिलेच, हे मी जे म्हणत होते ते वेगळ्या जागी का होईना, सिद्ध होते.

याचे स्पष्टीकरण मला हवे आहे.

ए. ट्रेव्हारो


१६ फेब्रुवारी १९८९

श्री. कांगास यांस,

दोन्ही पत्रांच्या पोचपावत्या माझ्यापुढे आहेत. त्यांवर हि. कांगास अशी सही आहे. ती तुमची आई असावी. अक्षर तुमच्यापेक्षा चांगले आहे.

शनिवारी सकाळी दहा वाजता मी स्वतः येईन.

ए. ट्रे.


२० फेब्रुवारी १९८९

श्री. कांगास यांस,

शनिवारी तुम्ही घरात एकच वाक्य बोललात. तुम्ही येण्यापूर्वी तुमच्या आईशी माझे जे बोलणे झाले, ते तुम्हाला कळावे म्हणून जसेच्या तसे लिहिते. त्यांनी तुम्हाला सांगितले असेलही. परंतु तोंडी सांगितलेले मी पुरावा मानत नाही.

दार उघडून त्या म्हणाल्या, “बूट काढा आधी. प्रोफेसर असलात तरी बर्फ वितळतोच.”

मी बूट काढले. त्यांनी मला स्वयंपाकघरात बसवले, कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. मग समोर बसून म्हणाल्या, “वीस मैल यायला सहा वर्षं लागली? रस्ता साफ नसेल. पण रस्ता तर माझाच मुलगा साफ करतो.”

मी म्हणाले, मी एका नोंदीबद्दल विचारायला आले आहे.

“विचारा ना. तुम्हाला विचारता येतं, ऐकता येत नाही, असं तो म्हणायचा.”

मी विचारले, तुम्ही माझे द्रावण का वापरले नाही, आणि वापरले असे का लिहिले.

त्या म्हणाल्या, “दर सोमवारी तो नवं करायचा. नव्या बाटलीतलं. त्याच्या बापाला सौनात वाफ घेताना सांगायचा, मी ऐकायचे दाराबाहेरून. एइनोनं विचारलं, ‘मग बाईंना सांगत का नाहीस, तुमचं सामान बिघडलंय म्हणून?’ तर म्हणाला, ‘त्या ब्यूशेच्या पोरीनं सांगितलं होतं. आठवड्यात तिचं टेबल रिकामं.’ आणि हसून म्हणाला, ‘बाईंना वाईट वाटेल. डिग्री हातात पडली की सांगीन.’”

कोलीन ब्यूशे या विद्यार्थिनीला मी निष्काळजीपणासाठी काढले होते. निदान तशी माझी समजूत होती. तिने काय सांगितले होते, हे मी तेव्हा ऐकून घेतले नव्हते.

“आणि समितीपुढे?” मी विचारले. “तिथे तरी बोलायला हवे होते.”

“तिथं तुम्ही बसला होतात ना!” त्या म्हणाल्या. “काय बोलणार? माझी वही खोटी आहे, पण आकडे खरे आहेत? कोण विश्वास ठेवणार? तुम्ही ठेवला असतात?”

खरे उत्तर नाही असे आहे.

मग त्यांनी एइनोंबद्दल सांगितले. अडतीस वर्षे ते तांब्याच्या खाणीत होते. खाणीखाली माणूस जे मोजतो तेच लिहितो, नाहीतर छत खाली येते, असे ते म्हणत. वहीतली खोटी नोंद तुम्ही त्यांना स्वतः सांगितलीत. आकडे रचल्याचा ठपका वर्तमानपत्रात आला. त्यांनी दोन्ही गोष्टी एकच धरल्या. नोव्हेंबर १९८५ मध्ये ते गेले. अडीच वर्षे एका टेबलावर जेवून ते तुमच्याशी बोलले नाहीत.

“शेवटच्या आठवड्यात पाणी मागायचं असलं तरी मला हाक मारायचे,” त्या म्हणाल्या. “ऑनी खाटेशी उभा असायचा. घ्या ना अजून एक तुकडा. पाव ताजा आहे.”

मी तो तुकडा खाल्ला. नाही म्हणणे मला सुचले नाही.

एवढ्यात तुम्ही आलात. अंगावर काउंटीचे नारिंगी जाकीट. मला पाहून दारातच थांबलात आणि म्हणालात, “बाई, तुमची गाडी आडवी लागलीये. बर्फाचा नांगर जात नाही.”

मी गाडी हलवली. तुम्ही रस्ता साफ करून पुढे निघून गेलात. मी परत आत गेले नाही.

३० जानेवारीच्या पत्रातले ‘खोटे लिहिलेच, हे सिद्ध होते’ हे वाक्य मी मागे घेते. ते चूक होते असे नाही. ते लिहिण्याचा अधिकार मला नव्हता.

एडिथ ट्रेव्हारो


१४ मार्च १९८९

श्री. कांगास यांस,

हे पत्र मी चार वेळा लिहिले. पहिली तीन व्याकरणदृष्ट्या निर्दोष होती आणि त्यांत एक गोष्ट नव्हती.

३० जानेवारीला मी लिहिले की १९८३ साली पृष्ठताण मोजलेला नव्हता. ते असत्य आहे.

२३ एप्रिल १९८३, शनिवार. वेर्ना सुटीवर होती. तुमचे अकरा बिंदू दोनदा पडताळून झाले होते, एकही जुळला नव्हता, आणि तुम्ही आकडे रचता यावर माझा पुरता विश्वास बसत नव्हता. (हे मी आज तुम्हाला बरे वाटावे म्हणून लिहीत नाही. तुम्ही आळशी होता, अक्षर वाईट होते, वेळेवर कधी येत नव्हता. पण लबाड वाटत नव्हता.) म्हणून मी माझ्या बाटलीतल्या द्रावणाचा पृष्ठताण प्लॅटिनमच्या कड्याने मोजला. शुद्ध पदार्थाची रेषा उतरत जाते आणि मिसेल बनू लागले की आडवी होते. माझी रेषा आडवी झाली नाही. ती आणखी खाली गेली, आणि मग वर आली. मध्ये खळगा पडला.

खळग्याचा अर्थ मी दरवर्षी पहिल्याच महिन्यात शिकवते. खळगा म्हणजे अशुद्धी. या पदार्थात तर डोडेकॅनॉलच. खळगा दिसला की मोजणी थांबवा, बाटली ओतून द्या, त्या बाटलीने केलेले सगळे रद्द करा. तुम्हालाही मीच हे शिकवले.

मी कडे ज्योतीत लाल केले आणि पुन्हा मोजले. खळगा. तिसऱ्यांदा केले. खळगा. आलेखाखाली मी लिहिले, ‘कडे अस्वच्छ’. तीनदा ज्योतीत धरलेले कडे अस्वच्छ नसते. मग तो कागद मी पॅडवरून काढला आणि खालच्या खणात ठेवला. जाळला नाही. मी नोंदी जाळत नाही. याचा मला अभिमान होता.

मी असे का केले, हे तुम्हाला समजायला हवे. त्या बाटलीच्या शुद्धीकरणाला मला सहा आठवडे लागले होते. तीनदा स्फटिकीकरण, ईथरने धुणे, प्रत्येक पायरी माझ्या हाताने. तिच्यावर माझी चिठ्ठी होती, आणि त्या चिठ्ठीमुळे तिला दुसरे कोणी हात लावत नसे. माझ्या तक्त्यांच्या पुस्तकातली निम्मी मोजमापे त्या बाटलीची होती, आणि ते पुस्तक त्याच महिन्यात छपाईला गेले होते. बाटली चूक, तर पुस्तक चूक. तुम्ही चूक, तर फक्त तुम्ही. मी शनिवारी दुपारी अडीचच्या सुमारास हे असेच, याच शब्दांत, विचारात घेतले, असे म्हणणे जास्त प्रामाणिक होईल. परंतु मला ते शब्द आठवत नाहीत. मला फक्त खण बंद केल्याचा आवाज आठवतो.

समितीपुढे, तुम्ही गप्प बसल्यावर, ‘मौन हे उत्तर समजावे’ असे मी म्हणाले होते. मी स्वतः. खणात कागद असताना.

३ मार्चला मी तो कागद घेऊन डीन व्हिटकॉम यांच्याकडे गेले. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, मग सुलटा केला.

“एडिथ,” ते म्हणाले, “नियम माहीत आहे ना तुला? सहा वर्षांच्या आत अर्ज. बारा मे. तो अर्ज करणार नाही. तू जूनमध्ये निवृत्त होतेस. मग हे कशाला?”

“त्याच्यावर आकडे रचल्याचा ठपका आहे. त्याने ते रचले नाहीत.”

“मुलगा मार्गी लागलाय ना?”

“तो तेहेतीस वर्षांचा आहे, आणि बर्फ काढतो.”

“कुणीतरी काढायलाच हवा. गेल्या आठवड्यात तीस इंच पडला.” मग आवाज उतरवून म्हणाले, “हा कागद तू मला दाखवला नाहीस. घरी जा. मे निघून गेला की कुणालाच काही करावं लागणार नाही.”

मी घरी गेले. आज अकरावा दिवस आहे. या अकरा दिवसांत मी काहीच केले नाही. मला वाटले होते की मी त्याच संध्याकाळी निवेदन लिहीन. लिहिले नाही. खुर्चीत बसून मी पुस्तकाच्या चुकीच्या पानांची यादी केली, तिला अनुक्रमांक दिले, आणि ती सुवाच्य अक्षरात पुन्हा उतरवली. हे तुम्हाला ठाऊक असावे. मी जशी तुम्हाला वाटत असेन, त्याहून वाईट आहे, आणि त्याचा तपशील तुमच्याकडे असायला हवा.

एडिथ ट्रेव्हारो


३ एप्रिल १९८९

ऑनी कांगास यांस,

२८ मार्चला मी माझे निवेदन समितीकडे दिले. सोबत खळग्याचा आलेख, मूळ प्रत. एक प्रत या लिफाफ्यात आहे. खालच्या कोपऱ्यात ‘कडे अस्वच्छ’ हे माझ्या अक्षरात आहे. ते मी खोडलेले नाही.

पुस्तक मागे घ्यावे असे प्रकाशकाला कळवले. त्या बाटलीवर ज्यांचे प्रबंध उभे आहेत, अशा नऊ विद्यार्थ्यांना पत्रे गेली. दहावे पत्र कोलीन ब्यूशेला. तिचे उत्तर आले. एका ओळीचे. ती ओळ मी येथे उतरवत नाही.

माझ्या दारावरची पाटी वेर्नाने काढली. मी सांगितले नव्हते, डीननी सांगितले. स्क्रू काढताना ती म्हणाली, “बाई, मला यात आनंद नाही हं.” मी म्हणाले, तो खालचा स्क्रू तिरपा आहे, रंग उडेल. ती म्हणाली, “उडू दे ना!”

आता मुद्दा. शुक्रवारी समितीच्या सचिवांनी कळवले, की माझ्या निवेदनाची नोंद झाली, परंतु तेवढ्यावर तुमच्यावरचा ठपका उठत नाही. तक्रार करणाऱ्याने कितीही कबुली दिली, तरी प्रकरण पुन्हा उघडण्यासाठी ज्याच्यावर ठपका आहे त्याचीच सही लागते. मुदत १२ मे. त्यानंतर तो ठपका कायम राहील, आणि त्याच्या शेजारच्या फायलीत तो खोटा असल्याचा माझ्या सहीचा पुरावा राहील. दोन्ही नीट लावून ठेवलेले. या देशात अशी व्यवस्था करणारे लोक माझ्यासारखेच शिकलेले आहेत.

अर्ज जोडला आहे. टंकलिखित, तीन प्रतींत. तुमचे नाव आणि तारीख एवढीच जागा कोरी आहे. वहीतल्या नोंदीबद्दल एक परिच्छेद आहे. तो मी सौम्य केलेला नाही. तुम्ही दुसरे द्रावण वापरलेत आणि माझे लिहिलेत, हे त्यात आहे, आणि का लिहिलेत हेही आहे: माझ्या भीतीने. हा शब्द तुम्हाला मान्य नसेल, तर खोडून योग्य तो घाला.

काल तुमच्या आईंचा दूरध्वनी आला. त्या म्हणाल्या, “तो म्हणतो, राहू दे. ज्यांना कळायला हवं होतं ते टेकडीवर पुरलेत.” मी म्हणाले, हे त्याने लिहून द्यावे. त्या म्हणाल्या, “तुम्हाला काय, कागद हवा का प्रत्येकाचा?” आणि फोन ठेवला.

होय. मला कागद हवा आहे. निरोप मला चालणार नाही. आईच्या तोंडचा नाही, वेर्नाच्या तोंडचा नाही, रस्त्यावर गाडी हलवायला सांगताना दिलेला नाही.

मी तुमची क्षमा मागत नाही. मागण्याजोगे माझ्याकडे काही नाही, आणि देणे न देणे तुमचे. एइनो कांगास यांना मी काहीच पोहोचवू शकत नाही. तुम्ही सही केलीत, तर पदवी मिळेल, चौतिसाव्या वर्षी, अशा विषयातली, ज्यावर तुम्ही थुंकाल. केली नाहीत, तर ठपका राहील, आणि मी जिवंत असेपर्यंत विचारणाऱ्या प्रत्येकाला तो खोटा असल्याचे सांगेन. यांपैकी काय हवे, ते तुम्हीच ठरवायचे आहे. ‘राहू दे’ म्हणजे संताप आहे, थकवा आहे, तिरस्कार आहे, की मला वाचवण्याची तुमची ती जुनी खोड आहे, हे मला ठाऊक नाही. आणि ते मी ठरवणार नाही. तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ मी एकदा लावला आहे. त्याचे काय झाले, ते तुम्ही अडीच वर्षे जेवणाच्या टेबलावर पाहिलेत.

तेव्हा, सही करणार असाल तर अर्ज पाठवा. करणार नसाल तर नाही असे लिहा, आणि का नाही ते लिहा. चार शब्द पुरेत. शुद्धलेखन मी तपासणार नाही. परंतु ते तुमच्या हाताने लिहिलेले, तुमच्या सहीचे आणि १२ मेपूर्वी माझ्या हातात पडलेले असले पाहिजे.

उत्तर लेखी द्यावे.

एडिथ ट्रेव्हारो